मूषक विरघळला, गणपती तसाच

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातलं एक मराठी घर. गणपती गौरींबरोबर जातात. त्या वर्षी तलावावर न जाता गच्चीतच, नव्या कोऱ्या बादलीत विसर्जन करायचं ठरलं, म्हणून मूर्ती घेताना विक्रेत्याला पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. “माटीनीज छे, बेन,” म्हणजे मातीचीच आहे, असं तो छातीठोक म्हणाला होता. उत्तरपूजा झाली, आजींनी अक्षता वाहून मूर्ती जागची हलवली, आरती झाली आणि वीस लिटर पाण्यात मूर्ती बसवली. सकाळी पाहतात तो पायाशी बसलेला मूषक पार विरघळून तळाशी राखाडी गाळ झालेला, आणि गणपती सोंडेपासून पाटापर्यंत शाबूत.

घरच्यांनी वाट पाहिली. पाणी बदललं. मग चेहऱ्याच्या रंगाचा पापुद्रा सुटून पाण्यावर आला, त्यात एक डोळा. आजींनी बादलीवर पांढरं फडकं टाकलं आणि सुनेला म्हणाल्या, “आता सरांना विचार.” मी त्याच गल्लीत राहतो, आणि माझं आयुष्य कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं.

प्रश्न खरं तर दोन होते. आजींचा साधा: आता याचं करायचं काय? नातीचा जास्त टोकदार. ती सातवीत. शाळेत नुकतेच ‘रिव्हर्सिबल’ आणि ‘इर्रिव्हर्सिबल’ बदल शिकवले होते. वहीत दोन रकाने. पहिल्यात बर्फ वितळणं, मेण वितळणं, चिकणमाती भिजणं. दुसऱ्यात दूध नासणं, कागद जळणं, प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होणं. तिनं वही माझ्यापुढे धरली आणि विचारलं, “आजोबा, इर्रिव्हर्सिबल म्हणजे आता काहीच करता येणार नाही ना?”

आधी मूर्ती नक्की कशाची ते ठरवलं. मूर्ती बाहेर काढून वाळू दिली, मग पाट उलटा केला, खालची बाजू रंगवलेली नव्हती. तिथं ओलं बोट घासलं. शाडू असती तर बोटाला चिखल लागला असता आणि जागा बुळबुळीत झाली असती. इथं पाणी शोषलं गेलं, बोटाला पांढरट भुकटीचा अंश लागला, पृष्ठभाग मात्र कडकच. मूर्ती आतून पोकळ, आणि पोकळीत काथ्याचे तंतू चिकटलेले. साच्यात प्लास्टर ओतताना बळकटीसाठी काथ्या घालतात. त्यामुळे पोकळीत काथ्या दिसला की फार शंका उरत नाही. वर व्हिनेगरचे थेंब टाकले, फेस आला नाही, म्हणजे खडू किंवा चुनखडीची भर नव्हती. मूर्ती प्लास्टरची, फक्त मूषक हातानं मातीचा वळून चिकटवलेला. विक्रेता उंदरापुरतं खरं बोलला होता.

या उंदरामुळेच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. एकाच बादलीत, एकाच पाण्यात, एका रात्रीत दोन पदार्थ शेजारी शेजारी होते आणि एक मोकळा झाला, दुसरा ढिम्म. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायचं म्हटलं तरी याहून चोख मांडणी जमली नसती.

शाडूचं गणित सरळ आहे. ही माती बरीचशी भावनगरकडची. गुजरातेतून पेणला जाते, तिथं तिचे गणपती होतात आणि त्यातले काही फिरून गुजरातेत येतात. तिचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात. ओली असताना मधलं पाणी वंगणाचं काम करतं, म्हणून हवा तसा आकार देता येतो. वाळताना ते पाणी उडून जातं आणि कण एकमेकांना टेकून बसतात. नवा पदार्थ तयार होत नाही. पुन्हा पाणी दिलं की ते कणांच्या मध्ये शिरतं आणि मूर्ती बसते. मीठ विरघळतं तशी माती विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी जाते. पण तोच गाळ वाळवून, मळून पुढच्या वर्षी पुन्हा मूर्ती करता येते. हीच माती भट्टीत घातली तर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला तिच्या स्फटिकांच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग पणती कितीही दिवस पाण्यात ठेवा, तिचा चिखल होत नाही.

प्लास्टरची गोष्ट मात्र पुस्तकातल्या रकान्यात मावत नाही. त्याचा जन्म जिप्सम नावाच्या दगडातून होतो. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानात सापडतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे दोन रेणू बांधलेले. हा दगड दळून साधारण १२० ते १६० अंशांना भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि पांढरी पूड उरते. तीच आपली बाजारातली प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे पीओपी. तिच्यात पाणी कालवलं की गेलेलं पाणी ती परत घेते, सुईसारखे बारीक स्फटिक वाढतात, एकमेकांत अडकतात आणि काही मिनिटांत गोळा कडक होतो. होताना गरमही होतो. साचा हातात धरला तर ऊब लागते.

आता नातीच्या वहीकडे पाहा. ज्याला तिथं अपरिवर्तनीय म्हटलंय ते प्लास्टरचं घट्ट होणं हीच मुळात उलटी क्रिया आहे. दगडाची पूड करायला पाणी काढलं, ते पाणी परत मिळालं, दगड परत आला. घट्ट झालेलं प्लास्टर रसायनाच्या दृष्टीनं पुन्हा जिप्समच. कारखाने एक दिशा चालवतात, मूर्तिकार दुसरी, आणि पुस्तक त्यातल्या एकीवर ‘परत फिरत नाही’ असा शिक्का मारतं.

मग बादलीत ते फिरलं का नाही? कारण आपण त्याला चुकीच्या दिशेनं ढकलत होतो. शाडूची मूर्ती पाणी जाऊन कडक होते, तेव्हा ती मोडायला पाणी द्यावं लागतं. प्लास्टरची मूर्ती पाणी घेऊन कडक होते. तिला आणखी पाणी देऊन काय उपयोग? तिच्याकडून पाणी काढून घ्यायला हवं, म्हणजे उष्णता द्यायला हवी. हे सांगितलं तेव्हा नात क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे उंदीर आणि बाप्पा उलटे बनलेत.” याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

‘प्लास्टर पाण्यात विरघळतच नाही’ असं सर्रास म्हणतात, तेही पुरतं खरं नाही. जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं: लिटरला सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम. या मूर्तीचं वाळल्यावरचं वजन १ किलो २०० ग्रॅम भरलं. म्हणजे वीस लिटरच्या बादलीत फार तर पन्नास ग्रॅम जाणार आणि पाणी तृप्त होऊन थांबणार. सगळी मूर्ती पाण्यातच घालवायची तर सुमारे ५०० लिटर पाणी लागेल, गच्चीवरच्या छोट्या टाकीएवढं, तेही सतत ढवळत. स्थिर तलावात पापुद्रे आणि गाळ धरून हे काम महिनोन्महिने रेंगाळतं, आणि दरम्यान विरघळलेलं कॅल्शियम सल्फेट पाणी जड करतं, म्हणजे त्यात साबणाला फेस येत नाही. हा जडपणा उकळूनही जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरच्या मूर्तींना विरोध केला, त्यामागं प्लास्टरइतकंच त्यावरच्या रंगांचंही कारण आहे.

भाजून पाहिलं

नातीला पुरावा हवा होता आणि मलाही तो द्यायचा होता. पाटाच्या मागचा एक तुकडा आजींच्या परवानगीनं तोडला, रंग खरवडला, कुटून पूड केली, उन्हात वाळवली आणि त्यातली १०० ग्रॅम मोजून माझ्या घरच्या ओव्हनमध्ये पसरट ताटलीत १५० अंशांवर ठेवली. हिशोब सांगतो की जिप्समचं पीओपी होताना वजन १५.७ टक्के घटतं. आमची पूड काढली तेव्हा ८६ ग्रॅम भरली. म्हणजे बहुतेक पाणी गेलं, थोडं राहिलं. जास्त तापवण्याच्या मोहात पडलो नाही, कारण तीनशे-चारशे अंशांच्या वर नेलं तर पूड ‘मेलेली’ होते आणि पाणी घालून पुन्हा धरत नाही.

भाजलेली पूड वाटीत पाण्यात कालवली. नेहमीच्या प्लास्टरपेक्षा लवकर धरली, पण नख लावलं तर भुगा निघत होता. लवकर धरण्याचं कारण इथल्या ललित कला विद्याशाखेतल्या शिल्पकलेच्या मुलांना तोंडपाठ असतं: आधीच्या प्लास्टरचे कण भांड्यात राहिले की नवं मिश्रण वेळेआधी जमतं, म्हणून वाडगं घासून घ्यायचं. जुने स्फटिक नव्यांना बीज पुरवतात. आमच्या पुडीत न भाजलेले कण तसेच बी म्हणून बसले होते. भुगा निघण्याचं कारणही सोपं: कुटलेली पूड जास्त पाणी पिते, आणि जास्तीचं पाणी वाळून गेलं की मागं भोकं राहतात.

तेव्हा परत आलं, पण पहिल्यासारखं नाही. पदार्थ तोच, गुण उतरलेले. शाळेच्या वहीत या मधल्या अवस्थेला जागाच नसते, आणि माझ्या मते खरी गंमत तिथंच असते.

उरलेली मूर्ती भाजायची का, हा विषय निघाल्या निघाल्या संपला. “गणपती भट्टीत घालायचा?” आजींनी एवढंच विचारलं. माझीही तयारी नव्हती, पण कारण वेगळं: तैलरंगाचा थर बंद स्वयंपाकघरात तापवला की निघणारा धूर कुणीही श्वासात घेऊ नये.

दुसरी वाट

महापालिकेच्या कृत्रिम तलावात मूर्ती देता आली असती. वडोदऱ्यात ती सोय असते आणि बहुतेकांनी तीच घ्यावी. पण आजींना घरात सुरू झालेलं घरातच संपवायचं होतं. मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेली आणि पुणे महापालिकेनं घरोघर पोचवलेली पद्धत वापरायची ठरली: अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले त्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात, बिस्किटं फुलवायला वापरतात.

पाणी इथं फक्त माध्यम आहे. खरं काम भागीदारांच्या अदलाबदलीचं. कॅल्शियमला कार्बोनेट मिळतं, त्याचा खडू होतो. खडू पाण्यात जिप्समपेक्षा कितीतरी कमी विरघळतो, म्हणून तो तळाशी बसत जातो आणि क्रिया पुढे सरकत राहते. सल्फेट अमोनियमकडे जातं, त्याचं अमोनियम सल्फेट होतं, ते पाण्यात सहज विरघळतं. सोबत कार्बन डायऑक्साइड निघतो. आमच्या मूर्तीचा हिशोब असा: १.२ किलो जिप्समला सुमारे १.१ किलो अमोनियम बायकार्बोनेट पुरे. निघणार सुमारे ७०० ग्रॅम खडू, ९२० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि खोलीच्या तापमानाला १७० लिटरच्या आसपास वायू. आम्ही दीड किलो घेतलं, कारण हे रसायन पाकिटात असतानाच हळूहळू उडत असतं.

अमोनियम सल्फेट म्हटलं की वडोदरेकराला आपलं फर्टिलायझरनगर आठवणारच. तिथल्या जीएसएफसी या खत कंपनीची ‘सरदार’ छापाची पोती शेतकऱ्यांना ठाऊक आहेत. आणि बादलीतली ही अदलाबदल काही नवी नव्हे: १९५१ मध्ये सुरू झालेल्या, आताच्या झारखंडातल्या सिंद्रीच्या सरकारी खत कारखान्यात राजस्थानचा जिप्सम, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून याच मार्गानं खत बनत होतं.

मूर्ती पुन्हा बादलीत घातली. पंधरा लिटर पाण्यात पूड ढवळताना बादली बाहेरून गार झाली. हे रसायन विरघळताना उष्णता ओढून घेतं. नातीनं हात लावून पाहिला आणि “आजोबा, फ्रिज!” म्हणून ओरडली. मग वास सुटला आणि ती पळाली, ते बरंच झालं. हे काम उघड्यावर, सावलीत आणि मोठ्यांनीच करायचं. भाद्रपदातल्या उन्हात बादली तापली तर अमोनिया मूर्तीवर काम करण्याआधीच हवेत जातो आणि डोळ्यांतून पाणी काढतो.

पहिले काही तास काही होईना. कारण रंग. पाणी आणि रसायन आत जायला वाटच नव्हती. आजींनी स्वतः मूर्ती अलगद कुशीवर वळवली, पोकळी वर आणली, आणि पाठीवरचा रंग जुन्या ब्रशनं खरवडला. चेहऱ्याला हात लावू दिला नाही. पोकळीतलं कोरं प्लास्टर पाण्याला भिडताच आतून बारीक बुडबुड्यांची रांग लागली. त्यानंतर मूर्ती आतून बाहेर झिजत गेली. मधूनमधून काठीनं ढवळावं लागतं, नाहीतर तयार होणारा खडू पृष्ठभागावरच साय धरतो आणि काम अडतं. पुण्याच्या पद्धतीत दोनेक दिवसांचा अंदाज सांगतात. आम्हाला रंगापायी जास्त लागले.

शेवटी बादलीत चार गोष्टी होत्या: वर रंगाचे पापुद्रे, मध्ये गढूळ पाणी, त्यात तरंगणारा काथ्या आणि तळाशी पांढरा साका. पाणी निथळून साका वाळवला. अपेक्षा ७०० ग्रॅमची; थोडा कमी भरला, काही गाळताना गेला. त्यावर व्हिनेगर टाकलं आणि फसफसून फेस आला. ज्या मूर्तीवर व्हिनेगरनं काहीच केलं नव्हतं, तिच्यापासूनच हा पदार्थ आला होता. म्हणजे पदार्थ बदलला, यात शंका नाही. आणि तरी हीही वाट बंद नाही: खडूवर गंधकाम्ल घातलं तर पुन्हा जिप्सम होतं. कोळशाच्या वीजकेंद्रांत धुरातला गंधक पकडायला चुनखडी वापरतात, तिथं असंच जिप्सम तयार होतं.

पाण्याबद्दल एक इशारा. ‘हे खत आहे, झाडांना घाला’ असं अर्धवट सांगितलं जातं. आमच्या बादलीत लिटरला साठ ग्रॅमच्या आसपास क्षार होता. तसंच ओतलं असतं तर कुंडीतलं रोप एका दिवसात करपलं असतं. शिवाय रंगातलं काय काय उतरलंय कुणास ठाऊक. आजी तुळशीला घालायला निघाल्या होत्या, त्यांना अडवलं. भरपूर पाणी मिसळून आवारातल्या कडुनिंबाला आणि आसोपालवला, म्हणजे उंच अशोकाला, थोडं थोडं दिलं. भाजीच्या कुंडीला नाहीच.

वहीचं काय झालं

परीक्षेत काय लिहायचं, हा नातीचा प्रश्न उरलाच होता. मी सांगितलं, अपरिवर्तनीय लिही, गुण जाऊ देऊ नकोस. पुस्तकाला म्हणायचंय की नेहमीच्या परिस्थितीत, नुसत्या पाण्यानं परत येत नाही, आणि तेवढं खरंच आहे. पण वहीत तिनं तिसरा रकाना आखला: ‘कशानं परत येईल?’

तो भरताना मजा आली. आरतीच्या कापराचे दोन बदल निघाले: डबीत ठेवलेला उडून झाकणाला पांढरा धरतो, तो परत आलेला कापूर, आरतीत जळलेला गेला तो गेला. उकडीच्या मोदकाची उकड: तांदळाच्या पिठातला स्टार्च गरम पाण्यात साधारण ७० अंशांच्या पुढं फुगून फुटतो, मग ती वाळवून कितीही बारीक दळा, पहिलं पीठ येत नाही. शाळेची ढोबळ समजूत अशी की भौतिक बदल परत फिरतो, रासायनिक फिरत नाही. काच फुटणं भौतिक, पण परत फिरवून दाखवा. प्लास्टरचं जमणं रासायनिक, आणि ते ओव्हनमध्ये परत फिरलं. ‘परत फिरणारा’ला भौतिक आणि ‘न फिरणारा’ला रासायनिक अशी एकमेकांची नावं देणं शिक्षकांनी थांबवावं, असं माझं मत आहे.

रंगाच्या पापुद्र्यांपुढं मात्र तिसरा रकाना कोराच राहिला. तैलरंग वाळतो म्हणजे नुसता सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांशी जोडलं जातं आणि एक जाळं बनतं. ते तोडता येतं, जाळता येतं, पण त्यातून पुन्हा पातळ तेल मिळत नाही. साऱ्या बादलीत खऱ्या अर्थानं हट्टी निघाला तो देवाचा रंग.

अशक्य म्हणून सोडून दिलेल्या डागाची एक जुनी गोष्ट वडोदऱ्याशी जोडलेली आहे, तीही नातीला सांगितली. सयाजीरावांनी १८९० मध्ये इथं कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तिची धुरा रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. १८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. इतरांना जमलं नाही ते गज्जरांनी करून दाखवलं: दगडाला धक्का न लावता डाग काढला. राणीबद्दल मला काही म्हणायचं नाही. रसायनाला दाद द्यायची आहे. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट, आमच्या बादलीतल्या साक्याचाच भाऊ, आम्ल लागलं की खाल्ला जाणारा. म्हणजे डांबर निघेल पण दगड टिकेल, असा नेमका द्रावक निवडायचं काम होतं.

राहिलेलं आवरणं थोडक्यात: काथ्या आणि पापुद्रे सुक्या कचऱ्यात गेले, साका कागदात बांधून माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी मूर्ती घेताना आजी आणि नात दोघी जाणार आहेत. पाट उलटा करून, रंग नसलेल्या जागी ओलं बोट घासायचं आणि मूर्ती हातात तोलून पाहायची. शाडूची त्याच उंचीची मूर्ती चांगलीच जड लागते. बोट घासू न देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यायची नाही. मूषक वेगळा तपासायचा.